हरवलेल्या चित्रफिती आणि न पडताळलेल्या प्रती

जपून ठेवण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. परंतु जपलेली वस्तू शाबूत आहे की नाही, हे अधूनमधून उघडून पाहण्याची सवय मात्र त्याला अद्याप लागलेली नाही. आपल्याकडे घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या, एकसष्टीच्या चित्रफिती कपाटाच्या वरच्या कप्प्यात मोठ्या मानाने ठेवलेल्या असतात. त्या तेथे आहेत एवढ्याच समाधानावर वर्षे निघून जातात. पुढे केव्हातरी घरातले वडील माणूस जाते, त्याचा आवाज ऐकावासा वाटतो, कॅसेट खाली काढली जाते आणि पडद्यावर नुसता पांढरा पाऊस पडू लागतो.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे ज्या वस्तूला तार आणि बटण आहे ती मला दुरुस्त करता येते, असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि सहकाऱ्यांचा गोड गैरसमज आहे. त्यापायी गेली दहा-बारा वर्षे माझ्याकडे कॅसेटी, तबकड्या, पेनड्राइव्ह आणि खटखट वाजणाऱ्या हार्ड डिस्क येत असतात. त्यांपैकी काहींतले चित्रण परत मिळाले, काहींतले कायमचे गेले. जे गेले ते का गेले, हे कळले तर इतरांचे नुकसान टळेल, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

घरगुती चित्रीकरणाचे एवढे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. पण हरवण्याच्या बाबतीत मोठे आणि लहान असा भेद नाही. ‘आलम आरा’ (१९३१) हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ साली प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये झाले होते. त्याचीही प्रत उरलेली नाही. या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांनी मिळून हळहळावे असे हे नुकसान आहे. १९६९ साली मनुष्य चंद्रावर उतरला. त्या चित्रणाच्या मूळ फितींचा नासाने पुढे कसून शोध घेतला, तेव्हा त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ साली जाहीर करावा लागला. आज आपण ते चित्रण पाहू शकतो ते इतरत्र, दूरचित्रवाणी संस्थांकडे, प्रती राहिल्या होत्या म्हणून. मूळ गेले, प्रतीने तारले. या लेखाचे सारही हेच आहे. फक्त प्रत कोणती खरी आणि कोणती नावापुरती, हे पारखायला शिकले पाहिजे.

फितीची घडण

आपल्या घरांतील बहुतेक जुन्या कॅसेटी व्हीएचएस पद्धतीच्या. ही पद्धत १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली आणि मागोमाग लग्नमंडपात व्हिडिओवाला आला. कॅसेटमधील फीत म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंदीची पॉलिएस्टरची पातळ पट्टी. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. चित्र असते ते त्या भुकटीच्या कणांच्या चुंबकीय दिशांत.

यंत्राच्या आत एक तिरपा बसवलेला दंडगोल असतो. आपल्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या अंगावरील हेड फितीवर तिरक्या रेघा ओढत जातात, सेकंदाला पन्नास. प्रत्येक रेघेची रुंदी सुमारे ४९ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहून कमी. इतक्या बारीक रेघेवर हेड नेमके बसले तरच चित्र उमटते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चित्राच्या तिरक्या रेघा फितीच्या मधल्या भागात असतात. पण साध्या यंत्रात आवाज असतो तो फितीच्या वरच्या कडेला, आणि हेडने रेघ कोठे पकडायची हे सांगणाऱ्या खुणा असतात खालच्या कडेला. शेतात पीक उभे असते, पण पहिला मार बांधाला बसतो. तसेच येथे आहे. फीत चुरगळते ती कडेने, बुरशी चढते तीही कडेने. म्हणून पुष्कळदा माणसे दिसतात, पण बोलत नाहीत.

दोष ओळखावा कसा?

कॅसेट चालत नाही असे म्हणून भागत नाही. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे आधी दोष फितीत आहे की यंत्रात, हे ठरवावे लागते. त्यासाठी मी एक साधा नियम पाळतो. मोलाची कॅसेट प्रथम यंत्रात घालायचीच नाही. आधी एखादी जुनी, गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून यंत्राची परीक्षा घ्यायची. अनेक वर्षे बंद पडलेल्या यंत्रातील रबरी पट्टे सैल झालेले असतात आणि ते फीत ओढून तिचा गुंता करते. ही परीक्षा भलत्या कॅसेटवर होऊ नये.

आवाज स्पष्ट, पण चित्राच्या जागी पांढरा पाऊस, असे असेल तर बहुधा चित्राचे हेड मळलेले असते. आवाजाचे हेड वेगळे असल्यामुळे आवाज नीट येतो. दुसरी कॅसेट लावूनही तसेच दिसले, तर दोष यंत्राचा हे पक्के. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने हेड पुसावे. तेही आडवे, उभे कधीच नाही. कान साफ करण्याच्या कापसाच्या काडीने तर नकोच, कारण तिचा धागा अडकला की हेड तुटते.

चित्रावर वर किंवा खाली एकच खरखरीचा पट्टा असेल तर ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवावे. ज्या यंत्रावर चित्रण झाले त्याची आणि आपल्या यंत्राची ठेवण थोडी वेगळी असते, एवढाच त्याचा अर्थ.

चित्र गडगडते, रंगहीन दिसते आणि कॅसेट अमेरिकेतील नातलगांनी पाठवलेली असेल, तर कॅसेट बिघडलेली नसून पद्धत वेगळी आहे. तिकडील एनटीएससी पद्धतीत ५२५ रेषा, आपल्याकडील पालमध्ये ६२५. दोन्ही पद्धती चालवणारे यंत्र मिळवले की काम होते. एका गृहस्थांनी अशा दोन कॅसेटी खराब म्हणून रद्दीत काढल्या होत्या. त्या सुदैवाने रद्दीवाल्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या वेटोळ्यावर पांढरट-करडी जाळी दिसली, तर ती बुरशी. बेळगावच्या पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल येते, तेथे फितीची काय कथा! अशी कॅसेट यंत्रात घालू नये. तिची बुरशी हेडला चिकटते आणि त्या यंत्रात पुढे जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटला लागते. फीत चालताना किंचाळल्यासारखा आवाज करत असेल व अडत असेल, तर भुकटी धरून ठेवणारे चिकट द्रव्य हवेतील ओलावा शोषून विघटित होऊ लागले आहे असे समजावे. अशा फितीला बळजबरी केली तर चित्रासकट थर खरवडून निघतो. यावर मंद, मोजलेल्या उष्णतेचा उपचार आहे. पण तो जाणकाराच्या हातचा. घरच्या भट्टीत करण्याचा नव्हे.

कॅसेटचे कवच फुटले किंवा चाक अडकले, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढले की दोन्ही वेटोळी सुटी होतात. ती तशीच दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. फीत तुटली असेल तर जोडता येते. जाते ते दोन-चार सेकंदांचे चित्र. गाठ मारू नये, आणि साधी चिकटपट्टीही लावू नये; तिचा गोंद हेडवर जातो.

आणि शेवटचा प्रकार: लग्नाच्या फितीवर कोणी क्रिकेटचा सामना घेतलेला असतो. तेथे उपाय नाही. नवे चित्रण होताना पुसणारे हेड जुने आधीच पुसून टाकते. कॅसेटच्या मागच्या कडेला जी लहानशी पाकळी असते ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा चित्रण होत नाही. ज्यांच्या घरी अजून चालू यंत्र आहे, त्यांनी हे काम आजच करावे. त्याला पैसा पडत नाही.

एका आजीचा आवाज

माझी एक विद्यार्थिनी मूळची खानापूर तालुक्यातली. तिच्या मुंबईच्या मामांनी १९९१ च्या गणपतीत कॅमेरा आणला होता आणि आजीला जात्यावर बसवून ओव्या म्हणायला लावले होते. आजीच्या ओव्या मराठी, पण मध्येच एखादा शब्द कन्नड. माहेर तिकडचे, सासर इकडचे. आजी गेली. तिच्या ओव्या कोणी उतरून घेतल्या नव्हत्या. “सर, नुसता आवाज आला तरी चालेल,” एवढेच त्या मुलीचे म्हणणे होते. चित्राच्या मानाने आवाजच अधिक धोक्यात असतो, हे मी तिला तेव्हा सांगितले नाही.

कॅसेट स्वयंपाकघरालगतच्या फळीवर राहिलेली. सुरुवातीच्या वेटोळ्याच्या वरच्या कडेवर बुरशी. ती आम्ही दोन आठवडे सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवली. बुरशी वाळून भुकटीसारखी झाल्यावर उघड्या व्हरांड्यात, तोंडाला कापड बांधून, फीत हातभर-हातभर उलगडत मऊ कापडाने टिपली, नव्या कवचात घातली आणि मगच यंत्रात लावली. प्रत घेण्याचे यंत्र आधीच जोडून ठेवले होते, कारण अशी फीत पुन्हा चालेल याचा भरवसा नसतो. पहिली अकरा मिनिटे आवाज आला नाही. हात जात्याचा खुंटा फिरवताना दिसतो, ओठ हलतात, ओवी मात्र ऐकू येत नाही. त्यानंतरची तेवीस मिनिटे सगळे नीट आहे. त्या तेवीस मिनिटांतल्या ओव्या तिने वहीत उतरल्या आहेत. उरलेल्या अकरा मिनिटांतल्या तीन ओव्या तिच्या वडिलांना पाठ निघाल्या. बाकीच्या आता कोणालाही ठाऊक नाहीत.

प्रत घेण्याची रीत

फितीवरून फितीवर प्रत घेतली तर दरवेळी चित्र थोडे विटते. संगणकात घेतलेली आकड्यांची प्रत मात्र कितीही वेळा उतरवली तरी विटत नाही. म्हणून जुन्या यंत्राचे चित्र व आवाज कॅप्चर करणाऱ्या लहानशा जोडणीतून संगणकात घ्यावेत. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. येथे घाई करता येत नाही. आणि आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही: विटलेले चित्र संगणकात गेले म्हणून नवे होत नाही. डीव्ही पद्धतीने साठवल्यास तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. ही प्रत मोठी वाटली तरी ठेवावी. पाहण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या जपानी उत्पादकाने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. युनेस्को आणि ध्वनिचित्रसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींबाबत जगभर इशारा दिला तो याच कारणाने. फीत टिकेलही, पण ती वाजवणारे यंत्र, त्याचे सुटे भाग आणि त्याचा कारागीर टिकणार नाहीत.

पुष्कळांनी मध्यंतरी दुकानातून कॅसेटची डीव्हीडी करून घेतली आणि कॅसेट टाकून दिली. आपण लिहितो त्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हाने, उष्णतेने व काळाने बिघडतो. माझ्या एका सहकाऱ्यांच्या घरची अशी तबकडी आज कोणतेच यंत्र वाचत नाही, आणि मूळ कॅसेट दुकानदाराकडेच राहून गेली. प्रत झाली तरी मूळ टाकू नये, हा यातला धडा.

पुसलेली फाइल खरोखर पुसली जाते काय?

आता संगणकाच्या आणि मोबाइलच्या काळातले नुकसान पाहू. आपल्या ग्रंथालयात पूर्वी कार्डांचे कपाट असे. समजा, कोणी एका पुस्तकाचे कार्ड काढून टाकले. पुस्तक फडताळात तसेच आहे. पण ग्रंथपालाच्या हिशेबी ती जागा रिकामी. नवे पुस्तक आले की तो जुने बाजूला सारून तेथे नवे ठेवील. मेमरी कार्डावरची फाइल पुसली की नेमके असेच होते. म्हणून चुकून चित्रण पुसले गेले, तर पहिली गोष्ट ही की त्या कार्डावर पुढे एकही छायाचित्र घेऊ नये. कार्ड काढावे, संगणकात त्याची संपूर्ण हुबेहूब नक्कल करावी आणि फोटोरेकसारख्या मोफत आज्ञावलीने त्या नकलेतून शोध घ्यावा. सापडलेली फाइल त्याच कार्डावर साठवू नये. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवर मात्र ही आशा कमी, कारण तेथे पुसलेली जागा संगणक स्वतःच लवकर साफ करून घेतो.

दुसरी तक्रार: चित्रण करताना बॅटरी संपली, आणि फाइल मोठी दिसते पण उघडत नाही. एमपी-फोर फाइलीत कोणते चित्र कोठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि कॅमेरा ती बहुधा शेवटी लिहितो. बॅटरी मध्येच गेली की मजकूर छापला गेला, पण अनुक्रमणिका छापायची राहिली. अशी फाइल टाकून देऊ नये. त्याच कॅमेऱ्यावर त्याच पद्धतीने घेतलेली एक चांगली फाइल नमुन्यादाखल दिली, तर अनुक्रमणिका नव्याने बांधणाऱ्या आज्ञावली आहेत.

तिसरी: पेनड्राइव्हवर जागा भरपूर, तरी मोठी फाइल जात नाही. हा पेनड्राइव्हचा दोष नव्हे. फॅट-३२ या जुन्या मांडणीत एक फाइल ४ गिगाबाइटहून मोठी होऊच शकत नाही. आतला मजकूर दुसरीकडे काढून पेनड्राइव्ह एक्सफॅट मांडणीत घेतला की अडचण संपते.

चौथी आणि गंभीर: हार्ड डिस्क खटखट वाजते. तिच्या आत तबकड्या वेगाने फिरत असतात आणि हेड त्यांच्यापासून धुळीच्या कणाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. आवाज येऊ लागला की वीज बंद करावी आणि पुन्हा पुन्हा लावून पाहण्याचा मोह आवरावा. प्रत्येक प्रयत्न तबकडीवर ओरखडा काढत असतो.

नावापुरत्या प्रती

“माझ्याकडे बॅकअप आहे,” असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांकडे तो नसतो. कोणी डेस्कटॉपवरील शॉर्टकटच पेनड्राइव्हवर उतरवलेला असतो. तो एक-दोन किलोबाइटचा. मूळ फाइल कोठे आहे याची नुसती चिठ्ठी. फाइलीचा आकार पाहिला तरी हे उघडकीस येते. कोणी व्हॉट्सॲपवरून चित्रण पाठवून निश्चिंत असतो. पण तेथे नेहमीच्या वाटेने पाठवलेले चित्रण आकसवले जाते. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवले तरच मूळ रूपात पोचते. कोणाची फाइल दोन यंत्रांवर आपोआप जुळवली जाते, म्हणून तो खूश. पण जुळवणे म्हणजे आरसा: इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. आरशातल्या लाडवाने पोट भरत नाही.

याहून फसवी प्रत म्हणजे जी रोज होते असे वाटते आणि प्रत्यक्षात होतच नाही. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ हा संगणकावर तयार होणारा चित्रपट अर्ध्या वाटेवर असताना पिक्सार कंपनीत फायली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली. एकामागून एक पात्रे नाहीशी होऊ लागली. राखीव प्रती काढल्या तो त्याही अपुऱ्या. प्रत साठवणारी फाइल ४ गिगाबाइटच्या मर्यादेला टेकली होती. आणि बिघाडाची नोंद जेथे व्हायची ती जागाही भरलेली असल्याने नोंदच झाली नव्हती. तिजोरी आणि पहारेकरी एकाच खोलीत कोंडल्यासारखे! अखेर उपयोगी पडली ती गेलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावरील प्रत. नुकतेच बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या. तो संगणक पांघरुणात गुंडाळून मोटारीतून कचेरीत आणला गेला.

एकोणीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०१७ रोजी, गिटलॅब या संगणक-आज्ञावली साठवणाऱ्या कंपनीत सुमारे ३०० गिगाबाइट माहिती चुकून पुसली गेली. त्यांच्याकडे प्रती ठेवण्याच्या पाच रीती होत्या. प्रसंगी एकही नेमकी कामी आली नाही. त्यांतील एक रीत दोन आज्ञावलींच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे निकामी झाली होती आणि तसे कळवणारी पत्रे पोचतच नव्हती. एका कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी सहज काढलेल्या प्रतीवर निभावले. दोन्ही ठिकाणी जाणकारांची वाण नव्हती. वाण होती ती प्रत उघडून पाहण्याची.

ताळा पाहणे

आमच्या लहानपणी गुणाकार केला की गुरुजी ताळा पाहायला लावत. अंकांची बेरीज करायची, नऊ टाकायचे आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचे. फाइलीचाही असाच ताळा काढता येतो. शा-२५६ या गणिती रीतीने कितीही मोठ्या फाइलीचा ६४ अक्षरांचा एक ताळा निघतो. ती सोय विंडोज आणि लिनक्स या दोहोंत आहे. मूळ व प्रत यांचा ताळा जुळला तर प्रत तंतोतंत. नवाच्या ताळ्याला ५४ आणि ४५ यांतला फरक कळत नसे. येथे एक ठिपका बदलला तरी सारा ताळा बदलतो. असे ताळे वहीत लिहून ठेवावेत आणि वर्षातून एकदा पुन्हा काढावेत. तेवढे जमत नसेल, तर निदान प्रतीचा आरंभ, मध्य आणि शेवट उघडून पाहावा.

प्रती किती असाव्यात? अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ असा हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरे ठिकाण म्हणजे पलीकडची खोली नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एक डिस्क पुण्याच्या बहिणीकडे किंवा गोव्याच्या मावशीकडे ठेवावी, आणि त्यांची आपल्याकडे. पेनड्राइव्हवर मात्र कायमचे विसंबू नये. त्यातली माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षांत झिरपून जातो. शिवाय प्रत करून झाली की डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली डिस्क विषाणूलाही जोडलेलीच असते.

इंटरनेटवरील साठा ही सोयीची तिसरी प्रत आहे, एकमेव प्रत नव्हे. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. मायस्पेसने २००३ ते २०१५ या काळातील लोकांची गाणी गमावल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. दोन वर्षे न उघडलेली खाती काढून टाकण्याचा नियम गूगलने २०२३ मध्ये केला. म्हणजे वारलेल्या माणसाचे खाते कोणी उघडले नाही, तर त्यातील चित्रणही जाऊ शकते. घरात निदान दोघांना प्रत्येक खात्याचा आणि डिस्कचा पत्ता ठाऊक असावा.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस यासाठी काढा. घरातल्या साऱ्या फिती, तबकड्या, कार्डे एकत्र करा आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने साल व प्रसंग लिहा. मग घरातल्या वडील माणसांना शेजारी बसवून चित्रणात कोण कोण आहे ते विचारा व लिहून घ्या. चित्र वाचले, पण त्यातील माणसाचे नाव सांगणारे कोणी उरले नाही, तर ते अर्धेच वाचले. त्यानंतर प्रती करा, ताळा पाहा आणि एक प्रत गावाबाहेर पाठवा. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी गोठ्यावरून केली. ती कपाटालाही तितकीच लागू पडते.